रसायनशास्त्रातलं संशोधन : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पीएच.डी., पुढे काही वर्षं परदेशात पोस्टडॉक, आणि मग निवृत्त होईपर्यंत नाशकात शिकवणं आणि जमेल तेवढं संशोधन, असा माझा प्रवास. विषय बायोऑरगॅनिक आणि इनऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या बांधावरचा. निकाल लागले की फोन सुरू होतात. निम्मे मुलांचे, निम्मे आईवडिलांचे. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते.

बायोऑरगॅनिक म्हणजे सेंद्रिय शेतीतलंच काहीतरी ना?

नाही. पण विचारल्याबद्दल लाजू नका. माझ्या पीएच.डी.चे पेढे खाता खाता मामांनी जीवामृताची कृती विचारली होती.

रसायनशास्त्रात ऑरगॅनिक म्हणजे कार्बनच्या रेणूंचं शास्त्र. त्यात रॉकेलही येतं आणि साखरही. बायोऑरगॅनिक म्हणजे सजीवांच्या आत हे रेणू कसे जुळतात, तुटतात, त्यात एन्झाइम, म्हणजे या क्रिया घडवून आणणारं प्रथिन, नेमकं काय करतं याचा अभ्यास. द्राक्षबागायतदारांसाठी उदाहरण सोपं आहे : जीए. मणी लांबवायला आपण घड जीएत बुडवतो. हा जिबरेलिक ॲसिडचा रेणू सापडला जपानमध्ये, भाताच्या एका रोगामुळे. रोगट रोपं उंचच उंच वाढायची आणि आडवी व्हायची. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवलं की हे काम बुरशीतून बाहेर पडणाऱ्या एका द्रव्याचं आहे. भात लोळवणाऱ्या रेणूनेच आपण थॉमसन द्राक्षांचे मणी फुगवतो. त्याची पावडर थेट पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये घ्यावी लागते. हे आमच्या दादाला मी सांगायच्या आधी पिंपळगावच्या दुकानदाराने सांगितलं होतं.

मग इनऑरगॅनिकचा आणि सजीवांचा काय संबंध? ते तर क्षार आणि धातूंचं असतं.

सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार आहे.

रक्त लाल असतं ते लोहामुळे. पानातल्या हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, बी-१२ जीवनसत्त्वात कोबाल्ट. डोरोथी हॉजकिन यांनी बी-१२ ची रचना १९५६ मध्ये एक्स-रेने उलगडली आणि १९६४ चं नोबेल मिळवलं. आपण शेतात युरिया टाकतो, त्याचा अमोनिया करणाऱ्या युरिएज या एन्झाइमच्या पोटात निकेल असतं. गंमत म्हणजे युरिएजचे स्फटिक समनर यांनी १९२६ मध्येच मिळवले होते, पण त्यात निकेल आहे हे कळायला १९७५ उजाडलं. जवळपास पन्नास वर्षं धातू डोळ्यांसमोर होता आणि कुणी शोधलाच नाही, कारण एन्झाइम हा ‘ऑरगॅनिक’वाल्यांचा प्रांत.

माझ्या साऱ्या कामाचं सार एका वाक्यात सांगते : धातू चांगला की वाईट हे धातूवर नाही, तो कुणाच्या हातात आहे यावर ठरतं. ज्याने धातू धरून ठेवलेला असतो त्याला आम्ही लिगँड म्हणतो.

पटत नसेल तर बोर्डोकडे, म्हणजे द्राक्षावर फवारतात त्या बुरशीनाशक मिश्रणाकडे बघा. एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाणी, एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना. नुसतं मोरचूद फवारलं तर पानं करपतात, कारण तांबं मोकाट असतं. चुन्याने ते न विरघळणाऱ्या निळ्या साक्यात अडकतं, पानावर बसतं आणि थोडं थोडं सुटत राहतं, म्हणजे डाऊनी रोगाच्या बुरशीला पुरेल आणि पानाला सोसेल इतकंच. बोर्डो भागातल्या शेतकऱ्यांनी हे रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भिववायला मारलं होतं. त्याच वेली रोगातून वाचल्या हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं.

आता घरातलं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं. आंबट द्रव्य भांड्यातलं तांबं ओढून घेतं. म्हणून कल्हई. जुन्या नाशकात भांडीबाजाराकडे लहानपणी कल्हईवाला बसलेला बघितलाय मी. तापलेल्या पातेल्यात चिमूटभर नवसागर टाकला की पांढरा धूर निघायचा आणि कळकट तांबं क्षणात गुलाबी व्हायचं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून सुटणारं आम्ल धातूवरचा ऑक्साइडचा थर खातं, मग कथील नीट चिकटतं. नवसागर लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

तुमचं स्वतःचं संशोधन कशावर होतं?

तांब्याचे आणि जस्ताचे शिफ बेस कॉम्प्लेक्स. कॉम्प्लेक्स म्हणजे लिगँडने धरलेला धातू. नाव अवजड आहे, वस्तू नाही. सॅलिसिलअल्डिहाइड आणि इथिलीनडायअमाइन अल्कोहोलमध्ये एकत्र केले की बघता बघता पिवळेधमक चकचकीत पापुद्रे खाली बसतात, हळदीला लाजवतील असे. कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातला दुहेरी बंध तयार होतो. ह्यूगो शिफ यांनी १८६४ मध्ये हे प्रथम नोंदवलं. या पिवळ्यात कॉपर ॲसिटेट टाकलं की रंग हिरवट होतो. तांबं पकडीत आलं. मी हे शेकडो वेळा केलं असेल, पण तो रंग पालटताना हात आपोआप थांबतो. तांब्याऐवजी कोबाल्ट घातला तर तो पदार्थ हवेतला ऑक्सिजन धरतो आणि तापवला की सोडतो, थेट हिमोग्लोबिनसारखं. जपानच्या त्सुमाकी यांनी हे १९३८ मध्ये दाखवलं होतं.

तोच शिफ बंध लासलगावच्या कांद्यात आहे. कांदा चिरला की ॲलिनेज नावाचं एन्झाइम मोकळं होतं. त्याच्याकडे बी-६ जीवनसत्त्वाचा एक रेणू असतो आणि तो कांद्यातल्या गंधकवाल्या अमिनो आम्लाला शिफ बेस करूनच पकडतो. पकडलं की तोडणं सोपं. त्या तुकड्यापासून डोळ्यांत पाणी आणणारा वायू आपोआप बनतो असं सगळे समजत. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की त्यासाठी दुसरंच एक वेगळं एन्झाइम आहे. फ्रिजमधला कांदा कमी रडवतो, कारण थंडीत ही एन्झाइमं सुस्तावतात आणि वायूही कमी उडतो. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही माना वर करायचे. निफाड-चांदवडची मुलं, कांद्याने रडण्याचा त्यांना अनुभव दांडगा, आणि तो नेहमी चिरतानाचाच असतो असंही नाही.

माझं काम असं की शरीरातल्या सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या एन्झाइमची छोटी नक्कल करायची. या प्रथिनात तांबं आणि जस्त शेजारी शेजारी बसलेले असतात. १९३८ मध्ये बैलाच्या रक्तातून ते वेगळं काढलं गेलं, आणि ते तांबं साठवायचं कोठार असावं असा समज तीसेक वर्षं टिकला. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी त्याचं खरं काम दाखवलं : ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपाला निपटणं. माझ्या नकला मूळ एन्झाइमच्या पासंगालाही पुरल्या नाहीत. पण पकड किती सैल केली म्हणजे काम वाढतं आणि किती सैल केली म्हणजे तांबं निसटतं, एवढं त्यातून कळलं, आणि ते मला पुरेसं होतं.

एम.एस्सी.ला ऑरगॅनिक घेऊ की इनऑरगॅनिक?

नोकरीच्या हिशेबाने ऑरगॅनिक आणि ॲनालिटिकल. सातपूर, अंबड, सिन्नरच्या औषध कंपन्या जाहिरातीत तेच लिहितात. संशोधनाच्या हिशेबाने काहीही घ्या, फक्त दुसरं सोडू नका.

हे तोंडदेखलं सांगत नाही. मी ऑरगॅनिकमध्ये वाढले. माझा हात म्हणजे टीएलसी (मिश्रणातले पदार्थ पातळ थरावर वेगळे करून बघणं) आणि एनएमआर (चुंबकात ठेवून रेणूची रचना वाचणं). पहिल्यांदा तांब्याचं कॉम्प्लेक्स एनएमआरला दिलं तर सुबक रेघांऐवजी नुसते पसरट डोंगर आले. तांब्याकडे एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, तो चुंबकासारखा वागतो आणि रेघा फिसकटतात. मशीनवाल्याने विचारलं, ‘मॅडम, नळी धुतली होती का?’ मग तो एकटा इलेक्ट्रॉनच वाचणारी पद्धत, ईपीआर, शिकले. पदार्थ वेगळे करायला सिलिकाच्या पुडीने भरलेली नळी, म्हणजे कॉलम, लावला तर सिलिकाने कॉम्प्लेक्स फोडून तांबं वर हिरव्या पट्ट्यात अडवून ठेवलं, आणि खाली पिवळा लिगँड तेवढा उतरला. ही दोन शास्त्रं फक्त वेळापत्रकात वेगळी आहेत, हे त्या आठवड्यात कळलं.

एम.एस्सी. नाशकातच करावी की बाहेर?

घरची अडचण असेल तर नाशकात करा, इथली कॉलेजं चांगली आहेत. अडचण नसेल तर जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्या आणि आयआयटी किंवा तत्सम ठिकाणी जाऊन बघा. शिकवण्यापेक्षा उपकरणांचा फरक मोठा. बारावीनंतरच ठरलं असेल तर आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांचा पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे, पुण्यातलं आयसर २००६ पासून चालू आहे. पुण्यातच एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० पासूनची, आणि मुंबईत रसायन तंत्रज्ञानाची संस्था आयसीटी, ज्याला जुने लोक अजून यूडीसीटी म्हणतात. एम.एस्सी.च्या उन्हाळ्यात अशा ठिकाणी दोन महिने काम करायला मिळालं तर एसटीचा पास काढून जा. नाशिक-पुणे सरळ लोहमार्ग माझ्या लहानपणापासून होतोय, त्याची वाट बघू नका.

नेट, सेट, गेट, पेट : नक्की काय द्यायचं?

नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली तर फेलोशिप तुमच्या नावावर असते आणि गाईड निवडायला तुम्ही मोकळे. सेट ही राज्याची परीक्षा, फक्त सहायक प्राध्यापक होण्यासाठी. गेटने काही संस्थांत पीएच.डी.ला आणि काही कंपन्यांत शिरता येतं. पेट ही विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा. नेटचा अभ्यास नीट केला तर बाकीच्यांचा बराचसा होऊन जातो.

पीएच.डी. करताना पैसे मिळतात की भरावे लागतात?

जेआरएफ असेल तर मिळतात. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ, म्हणजे वरची फेलोशिप झाल्यावर ४२,०००, वर नियमानुसार घरभाडं. फेलोशिप नसेल तर बहुतेक वेळा खिशातूनच. शिवाय फेलोशिप मंजूर होणं आणि खात्यात पडणं या दोन वेगळ्या घटना आहेत. माझ्या वेळी एकदा सात महिने दमडी आली नव्हती, मेसच्या मावशींनी वहीवर खातं चालवलं. जाताना तीनेक महिन्यांची शिल्लक हाताशी ठेवा.

गाईड कसा निवडावा?

पेपरांची यादी बघून नव्हे. त्यांच्याकडे शेवटी बाहेर पडलेल्या तीन विद्यार्थ्यांना फोन करा. किती वर्षं लागली आणि आज परत तिथेच जाल का, हे दोनच प्रश्न विचारा. दुसऱ्या प्रश्नानंतर समोरचा किती वेळ गप्प राहतो तेच उत्तर.

रोज लॅबमध्ये नेमकं काय करता? आणि किती वेळा यश येतं?

बहुतांश वेळ भांडी धुण्यात जातो. चेष्टा नाही. धातूंच्या कामात आदल्या माणसाच्या फ्लास्कमधलं लोहाचं अंशभर प्रमाणही निकाल फिरवू शकतं, म्हणून काचेचं सामान आम्लात भिजवून, मग तीन-तीनदा शुद्ध पाण्याने धुवावं लागतं. उरलेल्या वेळात रिफ्लक्स लावायचा, म्हणजे वाफ थंड करून परत आत पाडत मिश्रण उकळत ठेवायचं, टीएलसी बघायची, स्फटिक येतात का म्हणून कुपीकडे टक लावायची. सुई टोचून भोक पाडलेलं झाकण लावून कुपी कोपऱ्यात ठेवतात आणि हलवायची नाही. विरजणासारखं.

यशाचं विचारता तर जस्ताची गोष्ट ऐका. जस्ताचे कॉम्प्लेक्स बहुधा बिनरंगी. माझ्या एका कुपीत आठ महिन्यांच्या खटपटीनंतर पांढऱ्या स्वच्छ सुया आल्या. मी अख्ख्या मजल्यावर मिरवून आले. एक्स-रेसाठी दुसऱ्या गावी पाठवल्या. दोन आठवड्यांनी रचना आली : ट्रायइथिलअमोनियम क्लोराइड. म्हणजे मीच घातलेला बेस आणि मीच घातलेल्या झिंक क्लोराइडमधलं क्लोराइड यांचं मीठ. जस्ताचा पत्ताच नाही. गाईड एवढंच म्हणाले, ‘छान वाढलेत हो.’ पुढच्या वेळी झिंक क्लोराइडऐवजी झिंक ॲसिटेट घेतलं आणि बेस घातलाच नाही, कारण ॲसिटेट ते काम स्वतःच करतं. कॉम्प्लेक्स आठवड्यात मिळालं. ही युक्ती पुस्तकात होती. मी ते पान वाचलेलंही होतं.

धातूंपासून कॅन्सरचं औषध बनतं हे खरं का?

खरं आहे, आणि आता तो नवसागर परत येतो.

१९६५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेच्या क्षेत्राचा परिणाम तपासत होते. विद्युतअग्रं प्लॅटिनमची, कारण ते कशातच विरघळत नाही असा भरवसा. द्रावणात अमोनियम क्लोराइड होतं. वीज चालू केल्यावर जिवाणू विभागायचेच थांबले, पण वाढत राहिले आणि शेवयांसारखे लांब झाले. वीज नव्हे, तर अग्रांमधून सुटलेलं थोडंसं प्लॅटिनम याला कारण होतं. नवसागराने त्याला दोन्ही हात पुरवले होते, अमोनियाही आणि क्लोराइडही. त्यातून जे कॉम्प्लेक्स निघालं ते पेरोने नावाच्या इटालियन रसायनज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच बनवून ठेवलं होतं. आज आपण त्याला सिसप्लॅटिन म्हणतो. अमेरिकेत १९७८ मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

दोन्ही अमोनिया एका बाजूला असले तर औषध, समोरासमोर असले तर जवळपास निरुपयोगी. घटक तेच, पकड बदलली. रक्तात क्लोराइड भरपूर असल्याने रेणू शाबूत राहतो. पेशीच्या आत क्लोराइड बरंच कमी, तिथे क्लोराइड सुटून पाणी चिकटतं आणि प्लॅटिनम डीएनएतल्या शेजारच्या दोन ग्वानिन या घटकांना जखडून टाकतं.

मी कॅन्सरचं औषध शोधलं का? नाही. रसायनज्ञांच्या हजारो कॉम्प्लेक्समधून दवाखान्यापर्यंत अगदी मूठभर पोचतात. शिवाय नातेवाईकांना एक विनंती. तांब्याच्या लोट्यातलं पाणी आणि कॅन्सर याबद्दलचा व्हॉट्सॲप मेसेज खरा का, हे मला विचारू नका. लोटा घासून ठेवा, आंबट काही ठेवू नका, इतकंच सांगेन.

आमच्या प्रोजेक्टमधल्या कॉम्प्लेक्सने जिवाणू मारले. पेपर पाठवू का?

आधी तीन गोष्टी दाखवा. तेवढंच तांबं नुसत्या मोरचुदातून दिलं तर किती मरतात? नुसत्या लिगँडने किती? आणि ज्या द्रावकात विरघळवलं त्या द्रावकाने किती? बोर्डो बुरशी मारतं हे दीडशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यालाही माहीत होतं. तुमचं कॉम्प्लेक्स फुटून तांबं मोकळं होत असेल तर तुम्ही महागातलं मोरचूद बनवलंय.

द्रावकाचंही बघा. सगळं डीएमएसओमध्ये विरघळतं म्हणून सगळे तेच वापरतात. सिसप्लॅटिन त्यात घातलं तर डीएमएसओतलं गंधक स्वतःच प्लॅटिनमला धरतं आणि तुम्ही भलताच पदार्थ तपासत बसता. आणि पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकाचा मेल आला असेल तर तो उडवा.

हे काम धोकादायक असतं का?

स्वयंपाकघराइतकं, म्हणजे बेसावध माणसाला भरपूर. एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते : परक्लोरेट नावाचे क्षार. स्फटिक चांगले येतात म्हणून हे वापरायचा मोह होतो. ऑरगॅनिक लिगँड असलेलं कोरडं परक्लोरेट नुसतं खरवडल्यानेही फुटू शकतं. थोड्या प्रमाणातच करा, तापवू नका, धातूचा चमचा लावू नका.

मुलीला पाच-सहा वर्षं पीएच.डी.ला घातलं तर लग्नाचं काय?

हा फोन नेहमी आईचा असतो आणि मागून वडिलांचा आवाज येत असतो.

कमला सोहोनी यांचं नाव ऐकलंय? माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या बहीण. १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांनी त्या बाई आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून घेतलं. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं हे दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. सायटोक्रोम सी म्हणजे लोह पोटात धरलेलं प्रथिन, म्हणजे आमच्याच गल्लीतलं काम. मायदेशी परतल्यावर त्यांनी संशोधन केलं, लग्न केलं, संसार केला आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखही झाल्या.

माझंही लग्न झालं, तिसऱ्या वर्षी. सासूबाईंनी सिनॉप्सिसच्या तारखेप्रमाणे मुहूर्त पुढे ढकलून घेतला होता. सगळीकडे असं होत नाही हे माहीत आहे. म्हणूनच आईवडिलांनी मुलीच्या बाजूने उभं राहायचं असतं.

इंग्रजी कच्चं आहे. जमेल?

जमेल. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठीत झालं. पेपरचं इंग्रजी हे पाककृतीसारखं ठरावीक असतं, पन्नास पेपर लक्ष देऊन वाचले की येतं.

पीएच.डी.नंतर नाशकात राहून काही करता येईल?

कायम प्राध्यापकाच्या जागा फार थोड्या निघतात. तोवर सीएचबीवर तासाच्या हिशेबाने शिकवत वर्षं घालवणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत, आणि तो राग अजून गेलेला नाही. दोन वर्षांपेक्षा जास्त त्यात अडकू नका.

औषध कंपन्या आहेतच. पण आमच्या विषयाला नाशकात आणखी एक दार आहे आणि मुलं तिकडे बघत नाहीत : शेतीची सूक्ष्म अन्नद्रव्यं. आपली काळी, चुनखडीची जमीन. लोह आहे, पण वेलीला मिळत नाही, पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. हिराकस (लोहाचं सल्फेट) टाकलं तर ते जमिनीत लगेच गच्च होतं. ईडीटीए नावाच्या लिगँडने धरलेलं लोह इतक्या विम्ल जमिनीत टिकाव धरत नाही. ईडीडीएचए या दुसऱ्या लिगँडचं टिकतं, पाण्यात टाकलं की गडद लाल होतं ते. दोन्ही पाकिटांवर ‘चिलेटेड’, म्हणजे लिगँडने धरलेलं, असं लिहिलेलं असतं, भाव मात्र खूप वेगळे. कुणाची पकड किती घट्ट हे सांगू शकणारा माणूस इथल्या खत उद्योगाला, माती परीक्षणाला हवाच आहे. वायनरींच्या लॅबमध्येही तांबं आणि लोह मोजावं लागतं, ती वाढली की वाइन गढुळते.

निवृत्तीनंतर काय करता?

पावसाळ्यात दादाच्या बागेत बोर्डोच्या दिवशी हजर राहते. दोन प्लॅस्टिकचे ड्रम, एकात मोरचूद, एकात गाळलेली चुन्याची निवळी, आणि दोन्ही एकदम तिसऱ्यात ओतायचं. लोखंडी पिंप चालत नाही. मग दादा विळा मिश्रणात बुडवून मिनिटभर धरतो. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे, चुना वाढवायचा. मी एकदा पिशवीतून पीएचची पट्टी काढली. दादाने विळा पुसला, पातं उन्हात फिरवून बघितलं आणि गड्याला सांगितलं, ‘अजून अर्धा मग चुना.’ माझी पट्टीही तेच म्हणत होती, पण ती कुणी बघितली नाही.